‘शंभर वर्षांची बंदूक, लायसन लागत नाही ताई’ म्हणाला आणि १,२०,९०० रुपये घेऊन गेला

घरात जुनी बंदूक असेल, लायसन वडिलांच्या नावावर असेल आणि वडील आता नसतील, तर हे शेवटपर्यंत वाचा. लाज वाटत होती म्हणून तीन महिने गप्प बसले. पण परवा शेजारच्या वाडीतल्या एका काकांनी त्यांच्या बंदुकीचा फोटो विक्रीला टाकल्याचं कळलं आणि राहवलं नाही.

आमची ठासणीची. शेतात डुकरं येतात म्हणून बाबांकडे पीक संरक्षणाचं लायसन होतं. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची आणि नंतर सोडवून आणायची, हे लहानपणापासून बघत आले. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८६२ हे साल कोरलेलं. बाबा मार्गशीर्षात गेले, बंदूक माजघरात खुंटीवर राहिली. पावसात पडवीचे वासे बसले, सुताराने वासे-कौलांचा खर्च दोन लाखांच्या वर सांगितला, म्हणून विकायला काढली. चोरीचा माल नव्हता, मी काही लपवतही नव्हते.

दोन दिवसांत फोन आला. स्वच्छ मराठी, कसली घाई नाही, भाव पाडणं नाही. पट्टीचा फोटो बघून म्हणाला, “ताई, ही एनफिल्ड. १८५३ चा नमुना. हिच्याच काडतुसांच्या चरबीवरून १८५७ ला भडका उडाला.” हे खरंच आहे, मी शाळेत शिकलेय. खऱ्याच्या पाठीवर बसवून त्याने खोटं घरात आणलं. अडीच लाख देतो म्हणाला.

मग एक कागद पाठवला, वर सिंहमुद्रा. त्यात लिहिलं होतं की १८९८ पूर्वीची बंदूक शस्त्रात मोडत नाही, पुरातत्त्वाचं प्रमाणपत्र असलं की पुरे. आमची १८६२ ची, म्हणजे सुटलो असं वाटलं. १८९८ ही अट अमेरिकेच्या कायद्यातली! आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात असं कुठलंच साल नाही. शंभर वर्षांची अट आहे ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात. तो कायदा पुरावस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणं यावर बंधन घालतो, त्याने बंदुकीचं लायसन माफ होत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण फक्त दुरुस्त करूनही ज्यांचा बार उडणार नाही अशांना. त्या सुटीसाठी नुसतं जुनं असून भागत नाही.

आणि इथेच मला कळायला हवं होतं. त्याने विचारलं, “घोडा चालतो का? व्हिडिओ पाठवा.” मी माजघरातल्या दिव्याखाली बंदूक मांडीवर घेतली, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. खट्ट आवाज झाला. तो म्हणाला, “वा, चालू स्थितीत आहे, तीस हजार वाढवून देतो.” म्हणजे एकाच फोनवर बंदूक चालते म्हणून भाव जास्त आणि तीच बंदूक शस्त्र नाही म्हणून लायसन नको. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? पाच मिनिटं शांत बसून विचार केला असता तरी पुरे होतं. मी त्या तीस हजारांत किती कौलं येतील याचा हिशेब करत बसले.

मग पैसे. प्रमाणपत्राचे ७,५००. वाहतूक परवाना आणि विम्याचे १८,४००. परत मिळणारी अनामत म्हणून ३५,०००. विकणाऱ्याने पैसे भरायचे कशाला, हा प्रश्न पडला होता. विचारला, तर म्हणाला, “सरकारी नियम आहे, सौद्यात वळते होतील.” चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल. खाकी वर्दी, मागे फायलींचं कपाट. विनापरवाना हत्यार विकताय, दोन ते पाच वर्षं आत जाल, असं म्हणून माझाच व्हिडिओ मला दाखवला. विनापरवाना बंदूक बाळगण्याला ती शिक्षा कायद्यात खरोखर आहे, म्हणून पाय लटपटले. मी ६०,००० पाठवले. कोणी हसणार असेल तर हसा, पण घरात एकटी असताना तो फोन घेऊन बघा.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे १९३०, त्या नंबरला फोन पहिल्या तासात करा. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर बहुतेक रक्कम पुढे गेली होती.

आणि आता ऐका मदतीची गोष्ट. ठाण्यात पहिला प्रश्न पैशांचा नाही, “बंदूक कुठाय?” तक्रार लिहून घ्यायला चार फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा सायबरवाले बघतील, तिसऱ्यांदा स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. बँकेत गेले तर “पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम?” शस्त्र परवान्याच्या टेबलावर म्हणे पुरातत्त्वाला विचारा, आणि पुरातत्त्ववाले म्हणतात हत्यारं आमच्याकडे येतच नाहीत. बाबा वारल्यावर बंदुकीचं काय करायचं, एवढं साधं वाक्य बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाच्या तोंडी लागलेच नसते. चोराला कायद्याची कलमं पाठ, आणि खुर्चीतल्या माणसाला एक येत नाही! शेवटी तालुक्याच्या एका वकिलांनी फी न घेता समजावलं.

लायसनधारक गेला की बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा लायसन असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, हे कलम २१. पावती घ्या, सोडू नका. मग वारसाने स्वतः लायसन मागावं, नाहीतर ज्याला बंदूक बाळगायचा अधिकार आहे त्यालाच विकावी. आपली लायसनची बंदूक खासगीत विकायची तरी आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. चार दिवसांत सौदा उरकू म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. ‘कुरिअरवाला घरून उचलेल, वर लोखंडी नळी असं लिहा’ म्हणणाऱ्याचाही. त्याने मला हेही सांगितलं होतं. आणि चाप दाबतानाचा व्हिडिओ कुणालाही पाठवू नका.

बंदूक मी जमा केली. १,२०,९०० पैकी ११,२०० रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेत म्हणतात, ते सोडवायचं प्रकरण कोर्टात आहे. तारीख पुढच्या महिन्यात आहे. पडवीवर अजून ताडपत्रीच आहे.