नऊ सेंटिमीटरचा ट्रक-रोबो: कंबर पक्की, मांड्या ढिल्या

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, म्हणजे बर्डीवर, घासाघीस करून दोनशेच्या आतबाहेर मिळणारा हा लाल-निळा ट्रक-रोबो हातात घेताक्षणी आवडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रोबो उभा केला तर पायापासून डोक्यापर्यंत ९ सेंटिमीटर, ट्रक केला तर काडेपेटीपेक्षा जरासा लांब. नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा माल आहे, पण घराणं लपत नाही. सपाट नाकाचा ट्रक, छातीवर दोन खिडक्या, तोंडावर पट्टी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला नायक रोबो ऑप्टिमस प्राइमच. टाकारा या जपानी कंपनीच्या डायक्लोन मालिकेतला हा ट्रक हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स या नावाखाली विकायला आणला. अस्सल मालिकेत २०२१ पासून साडेतीन इंची 'कोअर' आकार निघतो. या खेळण्याची तुलना करायची तर त्याच्याशी, सात इंची मोठ्या भावाशी नाही.

दुकानात माणूस रोबोचा चेहरा बघतो, रंग बघतो. पाहायचे असतात ते सांधे. हे खेळणं महिन्याभरात पन्नास-साठ वेळा उलटसुलट होणार असतं, आणि प्रत्येक वेळी तोच खिळा, तीच खाच झिजते.

रोबोचा ट्रक करायचा क्रम असा: बंदूक काढा. डोकं मागे वळवून छातीत दाबा. कंबर अर्धा फेरा फिरवा. मग मुठी आत घाला, दंड पाठीकडे दुमडा. शेवटी दोन्ही पाय जवळ आणून मधल्या खुंट्या खाचेत बसवा आणि पावलं खाली दुमडा. पुठ्ठ्यामागच्या चित्रात पाय आधी जोडलेले दाखवले आहेत, ते चूक. तसं केलं की कंबर फिरताना मागच्या चाकाची कड खुंटीवर घासते आणि खुंटीच्या मुळाशी पांढरा व्रण उमटतो. प्लास्टिक पांढरं पडलं म्हणजे ते आतून ताणलं गेलं. पुढच्या दहा-बारा वेळात ती खुंटी गेलीच समजा.

कंबर मात्र झकास. आत स्क्रूने आवळलेला सांधा आहे, अर्ध्या फेऱ्याला 'टक्' असा आवाज करून थांबतो, डुगडुगत नाही. या किमतीत एवढी अपेक्षा नव्हती. खिडक्याही पारदर्शक प्लास्टिकच्या नसून नुसत्या निळ्या रंगाच्या आहेत. दिसायला साधं, टिकायला चांगलं, कारण पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं आणि त्यातून खिळा गेला असेल तर तडा बहुधा तिथेच जातो.

खरं रडगाणं मांड्यांचं. मांडीचा सांधा गोळी-वाटीचा, आणि गोळी नि वाटी दोन्ही एकाच कडक प्लास्टिकची. कडकावर कडक घासलं की दोन्ही झिजतात, आणि वाटीत लवचीकपणा नसल्याने ती गोळीला पुन्हा आवळून धरत नाही. आठवड्याभरात रोबो दारुड्यासारखा पाय फाकवून बसतो. उपाय घरातच आहे. पाय सरळ ओढा, गोळी 'पट्' करून बाहेर येते. वाकडा पिळू नका, वाटीचा ओठ फाटतो. गोळी कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एकच पातळ हात द्या आणि गोळी वरच्या बाजूला राहील असा पाय रात्रभर उभा ठेवा. दुसऱ्या दिवशी बसवून पाय समोर आडवा उचला. तसाच राहिला तर काम झालं, पडला तर आणखी एक हात. पॉलिश वाटीत ओतायचं नाही. ते तळाशी साचतं आणि गोळी पूर्ण आत बसत नाही. फेविक्विकही लोक वापरतात, पण ते पुरतं वाळण्याआधी पाय बसवला तर सांधा जन्माचा चिकटतो.

ट्रक झाल्यावर सहापैकी चारच चाकं जमिनीला टेकतात, मागची जोडी केसभर अधांतरी राहते. डावा नि उजवा पाय एकमेकांना पुरते भिडत नाहीत म्हणून हे होतं, आणि भिडत नाहीत कारण खुंटीवर साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक कड, राहिली आहे. कटरच्या नव्या पात्याने ती शिवण खरवडायची, खुंटी कापायची नाही. बंदुकीचा दांडाही तसाच जाड. अशा खेळण्यांत दांडा ५ मिलिमीटरचा असावा लागतो, इथे तो मुठीत जबरदस्तीने जातो आणि मूठ उकलायला लागते. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चार-पाच वेळा गोल फिरवला की नीट बसतो. कोपर, गुडघे बरे आहेत. रंगकाम ठीकठाक.

आता नागपूरचा प्रश्न. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हे खेळणं राहिलं तर अंगाला काही होत नाही, पण मुठी आणि बंदूक नरम प्लास्टिकच्या आहेत, त्या माना टाकतात. वाफाळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बोटांनी सरळ करा आणि तशाच धरून गार पाण्यात घाला. दंडावरचे स्टिकर उन्हाळ्यात कडेला सरकतात, मागे चिकट पट्टा राहतो. ते पहिल्याच दिवशी काढलेले बरे. कूलरसमोरच्या टेबलावर ठेवू नका, ओलाव्याने पाठीचे बारीक स्क्रू तांबूस होतात आणि मग मोबाइल दुरुस्तीचा पेचकसही त्यांच्या खाचेत धरत नाही. सांध्यात शिलाई मशीनचं तेल तर मुळीच नको. आपल्याकडच्या धुळीशी मिळून त्याचा काळा लगदा होतो.

घेताना पाकिटावर आयएसआय शिक्का आणि त्याखाली सीएम/एलने (CM/L) सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. याच साच्यातली बिनशिक्क्याची पाकिटंही शेजारीच टांगलेली असतात, ती सोडा. मुठी ओढल्या की निघतात, बंदूक तर सुटीच, त्यामुळे तीन वर्षांखालचं पोट्टं घरात असेल तर ही वस्तू त्याच्या हाती लागेल अशी ठेवायचीच नाही.

दुकानदाराने पाकीट उघडू दिलं तर रोबोला एका हाताने पोटाशी धरून हलकेच हलवा. पाय लोंबले तर दुसरा नग मागा, कारण एकाच पेटीतल्या दोन नगांच्या मांड्या सारख्या नसतात. उघडू दिलं नाही तर प्लास्टिकमधून दोन्ही पावलं बघा. एक बाहेर वळलेलं दिसलं तर त्या बाजूची वाटी आधीच सैल आहे. इतवारीच्या बाजारात ठोकात भाव कमी पडतो, पण तिथे नग निवडून मिळत नाही. एकच घ्यायचा असेल तर बर्डीवरच घ्या आणि येताना नेलपॉलिशची बाटली आणा.