हाफ सेंटवरचं जहाज मागाहून कोरलेलं असू शकतं

अमेरिकेत जुनी तांब्याची नाणी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. न्यू जर्सीतल्या एका कॉइन शोमध्ये मला 1795चा हाफ सेंट ‘टोकनवर पाडलेला’, म्हणजे व्यापाऱ्याच्या खासगी नाण्यातून कापलेल्या चकतीवर पाडलेला, म्हणून विकण्यात आला. नाणं अस्सल आहे. त्यावरची टोकनची खूण बनावट आहे, आणि पैसे मात्र त्या खुणेचेच घेतले.

टॅलबॉट, अ‍ॅलम अँड ली ही न्यू यॉर्कची पेढी भारताशी व्यापार करायची. तिने 1794 आणि 1795 सालांची एक सेंटची टोकनं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून पाडून आणली. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला उभी स्वातंत्र्यदेवता. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तेव्हा चांगल्या तांब्याची कायम ओढाताण. टांकसाळीने हजार पौंड वजनाहून जास्त टोकनं विकत घेतली, त्यांतून लहान चकत्या कापल्या आणि त्यांवर हाफ सेंटचे ठसे मारले. म्हणून 1795 आणि 1797च्या काही हाफ सेंटवर जहाजाचे दोर किंवा एखादं अक्षर अंधुक दिसतं. अशा नाण्याला जास्त भाव मिळतो, तो रास्तच आहे. दोन नाण्यांचा इतिहास एका चकतीत सापडतो!

विक्रेत्याने भिंग हातात दिलं, हाफ सेंटवरच्या देवतेच्या केसांजवळच्या तिरप्या रेघा दाखवल्या आणि म्हणाला, हे डोलकाठीचे दोर. मग काट्यावर वजन करून दाखवलं, साडेपाच ग्रॅमच्या आत. डिसेंबर 1795मध्ये हाफ सेंटचं वजन 104 ग्रेनवरून 84 ग्रेनवर, म्हणजे सुमारे 5.44 ग्रॅमवर आणलं होतं, त्यामुळे आकडा बरोबर वाटतो. पण बिघडलेल्या सेंटांतून कापलेल्या चकत्याही तेवढ्याच भरतात. वजनावरून टोकन ठरत नाही.

खरी गोष्ट तिरप्या उजेडात कळते. टोकनवरचे दोर उठावाचे असतात. वरून नवा ठसा बसला की ते चेपतात, पसरट होतात आणि नव्या चित्राखाली दबलेले दिसतात. माझ्या नाण्यावरच्या रेघा खोल आहेत, केसांच्या बटा कापत पलीकडे जातात. त्यांच्या काठाला तांब्याची बारीक कोर वर आलेली आहे. सगळं नाणं गडद तपकिरी, रेघांच्या तळाशी मात्र लालसर तांबं चमकतं. टोकनचा फोटो त्याच मापाचा करून शेजारी ठेवला, तर एकही रेघ जहाजाच्या दोरांशी जुळत नाही. कोणीतरी बारीक हत्याराने हे काम केलंय.

कडेवर अक्षरं असलेला 1795चा हाफ सेंट कोणी ‘टोकनवरचा’ म्हणून दाखवला तर तिथेच थांबा. तो जाड चकतीचा असतो, टोकनशी त्याचा संबंध नाही.

पैसे परत मागितले तर विक्रेत्याने पावती पुढे केली. तीवर ‘हाफ सेंट, 1795’ एवढंच लिहिलं होतं, टोकनचा उल्लेखच नाही. तोंडी सांगितलेलं त्याने साफ नाकारलं. म्हणून ‘टोकनवर पाडलेला’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या, आणि दुसऱ्या जाणकाराने पाहून नाकारल्यास पैसे परत मिळतील हेही. त्याच टेबलावर 1797चा एक हाफ सेंट होता, त्याच्याही केसांजवळ तशाच तिरप्या रेघा.