शंभर वॅटचा ग्रो लाइट: दिवा चांगला, डिमरचा नॉब मात्र भिकार

घरात झाडं वाढवायला लावलेल्या एलईडी पॅनलचा उजेड कमी-जास्त करायचा नॉब गेला म्हणून लिहायला बसलोय. दिवा बंद पडला असता तर निदान कळलं तरी असतं. इथे उलटं झालं. नॉब कुठेही फिरवा, पॅनल फुल ताकदीनेच पेटतो. पॅनलला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरची रचनाच तशी आहे. डिमिंगच्या दोन बारीक वायरींमधलं सर्किट तुटलं की ड्रायव्हर त्याचा अर्थ शंभर टक्के असा लावतो. सकाळी टायमरने दिवा लागला आणि संध्याकाळपर्यंत मधल्या कुंडीतल्या मिरचीची शेंड्याची पानं द्रोणासारखी वर वळली.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: पाणी जास्त झालं असेल, दिवा 18 इंचांवर ठेवा. पानांचा फोटो पाठवा, नॉबचा व्हिडिओ पाठवा, उत्तर तेच. शेवटी निदान आलं की पूर्ण ड्रायव्हर बदलावा लागेल, 2,200 रुपये, वॉरंटीत बसत नाही, कारण पॅनल दमट जागी वापरला. झाडांचा दिवा दमट जागी नाही तर काय देवघरात लावायचा?

पेटीवरचे आकडे सगळ्यांना पाठ असतील, ते सोडतो. बाकी पॅनल उत्तम आहे. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढले, एकही डायोड गेला नाही, पाठीचा पत्रा हात लावता येईल इतकाच तापतो. पण नॉबवर एकही आकडा नाही, साधी रेघसुद्धा नाही. नॉब चालत होता तेव्हा प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर जोडून पाहिलं होतं. खालच्या टोकाला 11 वॅट. तिथून अर्धी फेरी फिरवली तरी 14. उरलेल्या अर्ध्या फेरीत 14 वरून थेट 96. म्हणजे वरच्या भागात नखभर सरकला की दहा वॅट इकडचे तिकडे. हा किरकोळ दोष वाटेल, पण घरातल्या झाडाचं पान वळलं की पहिला संशय दिव्यावर जातो, आणि तो खरा की खोटा हे ठरवायला उजेड मोजून कमी करता यायला हवा. ते एकच काम हा नॉब करू देत नाही.

उजेडाने वळलेलं पान ओळखायचं ते जागेवरून. पॅनलच्या बरोबर मध्याखालचं झाड आणि त्यातही सगळ्यात वरची पानं आधी वळतात. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू वर उचलल्या जातात, रंग फिकट पडतो, सकाळी दिवा लागताना पान बरंचसं सपाट असतं आणि संध्याकाळी पुन्हा वळतं. रॅकच्या कोपऱ्यातली कुंडीही तेवढीच वळली असेल तर दोष दिव्याचा नाही, दुसरीकडे शोधा.

मोबाइलवरचं फुकटचं लक्स मीटर या कामाला पुरतं. फोन पानाच्या उंचीवर आडवा धरायचा, सेन्सर वर. दिवा पांढऱ्या एलईडीचा असेल तर लक्सला 67 ने भागा, पीपीएफडी, म्हणजे झाडाला वापरता येणारा उजेड (चौरस मीटरला सेकंदाला इतके मायक्रोमोल), जवळपास बरोबर येतो. जांभळ्या दिव्यांना हा हिशेब लागू नाही. माझ्याकडे फुल ताकदीत 30 सेंमीवर मध्यभागी 50,000 लक्स येतात, म्हणजे सुमारे 750. 45 सेंमीवर 33,000, म्हणजे 490. चौदा तास दिवा चालला तर 490 ला दिवसभराच्या उजेडाची बेरीज चौरस मीटरला साधारण 25 मोल होते आणि मिरचीला 20 ते 30 पुरतात. बेझिलला 20,000 लक्स भरपूर, रोपांना त्याच्याही निम्मे. 300 ची सवय असलेल्या झाडाला एका दिवसात 750 दिले की पान वळणारच. उंची वाढवून किंवा वॅट उतरवून चार-पाच दिवस थांबा आणि नवं पान कसं फुटतं ते बघा. जुनं वळलेलं पान सरळ होईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र वर वळणाऱ्या पानांचं खापर पुष्कळदा उगाच दिव्यावर फुटतं. 30 अंशांना हवेत 40 टक्के आर्द्रता असली की व्हीपीडी, म्हणजे हवेची पानातून पाणी ओढण्याची ताकद, अडीच किलोपास्कलच्या आसपास जातो. 70 टक्क्यांना तोच सव्वाच्या जवळ येतो. अडीचला मुळं पाणी पुरवू शकत नाहीत, मग झाड पान मिटून घेतं. एसीच्या खोलीत हे सर्रास होतं. यात सगळ्या कुंड्यांची पानं सारखी वळतात, फक्त मधल्या कुंडीची नाही. एकाच बाजूची वळली असतील तर पंखा थेट झाडावर रोखलेला आहे का बघा, तो भिंतीकडे वळवला की काम झालं. आर्द्रता मोजणारा दीडशे रुपयांचा हायग्रोमीटर पानांच्या उंचीवर टांगा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको.

भर: दुरुस्ती झाली. नॉब उघडला तर आत साधा 100 किलो-ओमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलायचा सुटा भाग), त्यावर A100K छापलेलं. A म्हणजे लॉग प्रकार, आधी हळू आणि शेवटी झपाट्याने वाढणारा, रेडिओच्या आवाजासाठी वापरतात तो! वॅट मीटरवरच्या विचित्र आकड्यांचं कोडं तिथेच सुटलं. एक टाका गंजून सुटला होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीत B100K, म्हणजे सारख्या प्रमाणात वाढणारा लिनिअर प्रकार, तीस रुपयांच्या आत मिळाला. प्लग काढून दोन वायरी डागल्या. आता अर्ध्या फेरीला 50 वॅटच्या आसपास, पाव फेरीला 27. कंपनीने दिला होता त्यापेक्षा बरा. नेलपॉलिशचे चार ठिपके लावून ठेवलेत. वर लिहिलेली चिडचिड पुसत नाही, पण दिव्याला दोनाऐवजी साडेतीन तारे. हे काम फक्त वेगळा ड्रायव्हर आणि त्यातून निघालेल्या दोन बारीक डिमिंग वायरी असतील तरच करा. ज्या पॅनलमध्ये 230 व्होल्ट थेट डायोडच्या बोर्डावर येतात, तो उघडू नका.

आता खाली वळणारी पानं. त्यांचा दिव्याशी फारसा संबंध नसतो आणि कस्टमर केअरच्या 18 इंचांनी त्यांना काही होत नाही. मिरची लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा: पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. घरातही हेच चालतं. फुलकिड्यांनी खरवडलेल्या पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसतात, पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की बारीक लांबट किडे पळतात. हे ओरखडे नसतील तरच उजेडाचा विचार करा.

पिवळा कोळी मात्र डोळ्यांना दिसतच नाही, जेमतेम 0.2 मिमीचा. जाळी करत नाही, त्यामुळे लाल कोळ्यासारखा पकडला जात नाही. तो कोवळ्या शेंड्यात बसतो. नवी पानं अरुंद, जाडसर, कडा खाली वळलेली निघतात, पाठीमागे तपकिरी तकाकी येते, फुलं गळतात. शेंड्याखालचं दुसरं-तिसरं पान तोडून उलटं करा आणि 30 किंवा 60 पटीच्या भिंगाखाली मधल्या शिरेलगत पाहा. लांबट पारदर्शक अंडी दिसतील आणि त्यांवर ओळीने पांढरे ठिपके. ते ठिपके दिसले की खात्री झाली. पावसाळ्यातली दमट, कोंदट हवा याला फार मानवते आणि ग्रो रॅक त्याला आयताच मिळतो.

उपाय: शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. दिवा बंद झाल्यावर कुंडी गॅलरीत नेऊन पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, पानांच्या पाठीवर नीट फवारा. पाच ते सात दिवसांनी पुन्हा. तापमान 32 च्या वर असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर गंधक नको, पानं करपतात. माव्यावर मारायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक इथे चालत नाही, कोळी हा कीटकच नव्हे. पानं बारीक, गुच्छासारखी, शिरा जाड आणि झाड खुजं असेल, आजूबाजूला पांढरी माशीही असेल, तर तो विषाणूचा चुरडा-मुरडा. झाड उपटा, औषधाला पैसे घालू नका.

खताचं थोडक्यात. पान गडद हिरवं आणि फक्त टोक आकड्यासारखं खाली वळलं तर नत्र जास्त झालंय. 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाश) खत लिटरला 1 ग्रॅमच्या वर नको, आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं हे लक्षात असू द्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये पोटॅश आणि मीठ भरपूर असतं, वर ते कॅल्शियम धरून ठेवतं, मग नवी पानं वेडीवाकडी फुटतात. 650 ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात फुलवून धुवा, मग लिटरला 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून निथळा. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम: लिटरला 2 ग्रॅम एप्सम सॉल्ट फवारा. पाणी जास्त झालंय का हे कुंडी उचलून कळतं, त्याला मीटर लागत नाही. ते तीन सुयांचे पीएच-ओलाव्याचे मीटर तर घेऊच नका, पीएचचा काटा कुठल्याही मातीत सातच्या आसपासच हलतो.

बिलाचं म्हणाल तर फुल ताकदीत चौदा तास म्हणजे महिन्याला 40 युनिट. 60 वॅटवर 30 सेंमीवर टांगला तर मिरचीला 45 सेंमीवरच्या फुल ताकदीइतकाच उजेड जवळपास मिळतो आणि युनिट 25 वर येतात. हाच पॅनल बिनडिमरचा 700 रुपयांनी स्वस्त मिळतो. घ्यायचा असेल तर तो घ्या, रोपं लहान असतील तेव्हा दोरी ओढून दिवा वर घ्या, आणि उरलेल्या पैशांत वॅट मीटर, हायग्रोमीटर आणि 60 पटीचं भिंग घ्या.