सरकारने थांबायचं की सरकारने मध्ये पडायचं?

अमेरिकेत नागरी स्वातंत्र्य आणि नागरी हक्क हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण पहिल्यात सरकारने हात आवरायचा असतो, दुसऱ्यात पुढे यायचं असतं.

डिसेंबर १९६५. आयोवातल्या डे मॉइन शहरात १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी पट्टी बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कौल तिच्या बाजूने दिला. आधार पहिल्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे सरकारला अभिव्यक्तीवर बंधन घालण्यापासून रोखणाऱ्या तरतुदीचा. सरकारी शाळा म्हणजे सरकारच. शाळा खासगी असती, तर ही दुरुस्ती तिच्या कामी आली नसती. मला हाच बारकावा सर्वांत मोलाचा वाटतो.

अटलांटातलं २१६ खोल्यांचं मोटेल मात्र खासगी होतं. कृष्णवर्णीय प्रवाशांना तिथे खोली नाकारणारा सरकारी अधिकारी नव्हता, मालक होता. त्याला रोखलं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. समतेची चौदावी दुरुस्ती खासगी मालकाला बांधत नाही, असं न्यायालयाने १८८३ मध्येच ठरवलं होतं. म्हणून या कायद्यासाठी आधार घेतला आंतरराज्य व्यापाराचा, म्हणजे राज्याराज्यांमधल्या व्यापारावर नियम करण्याच्या केंद्राच्या अधिकाराचा, कारण मोटेलचे बहुतेक पाहुणे परराज्यातले होते. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी व्यापाराची वाट धरावी लागली, हे मला आजही खटकतं.