सात महिने इलेक्ट्रिक, दोन महिने रबरी : शेकायच्या पिशवीचा अनुभव

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री पावणेदोनला, माझी इलेक्ट्रिक पिशवी गेली. प्लग लावला, लाल दिवा लागला, दोन मिनिटांत विझला आणि प्लास्टिक जळल्याचा वास खोलीभर सुटला. वायर उपसून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर खाचेतली एक पिन तपकिरी पडलेली. जूनमध्ये ४४९ रुपयांना ऑनलाइन घेतली होती. वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणजे ती संपून जेमतेम महिना झाला होता.

ही पिशवी कशी चालते ते बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला आधी वायरबद्दल बोलायचंय.

वायर सत्तर सेंटीमीटर आहे. मी शिवणाच्या टेपने मोजली. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. खोलीत प्लगची एकच जागा, तीही दाराशेजारच्या बोर्डात, माझ्या खांद्याच्या उंचीवर. खाली टेबल नाही आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरमालकीण काकूंना चालत नाही. म्हणजे पिशवी तापेपर्यंत आठ-दहा मिनिटं ती हातात धरून उभं राहायचं. पोटात पीळ पडलेला असताना, घाम सुटलेला असताना, अंधारात, तीन मुली झोपलेल्या असताना. नाहीतर पिशवी तशीच लोंबकळत सोडायची, आणि मग तिचं सगळं वजन त्या पिनवर येतं. मी पहिले तीन महिने लोंबकळत सोडली. पिन सैल होत होत जळली ती त्यामुळेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वायर अजून दीड हात लांब असती तर पिशवी जमिनीवर ठेवता आली असती.

कंपनीला हे तीन मेलमध्ये कळवलं. उत्तर आलं की वायरची लांबी हा दोष धरला जात नाही. तपासायला पाठवायची तर कुरिअर माझ्या खर्चाने, वर तपासणीचे दीडशे रुपये. हिशेब केला तर ३१० रुपये होत होते, तेही दुरुस्तीची खात्री नसताना. मग इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या दुकानदाराने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे सील असतं, उघडलं तर पाणी बाहेर येणार. टाकून द्या." त्याने पैसे घेतले नाहीत.

आता पिशवीची चांगली बाजू. माझं वय २६, लातूरकडची आहे. पोटाचं दुखणं चार वर्षांचं. बेंबीभोवती आणि खाली डावीकडे मुरडा, पोट फुगणं, कधी चार दिवस कोठा साफ नाही, कधी सकाळी चारदा जावं लागतं. अभ्यासिकेत दाराजवळची खुर्ची मिळावी म्हणून मी सकाळी साडेसहाला जाऊन बसायचे. गावी जाताना एसटी सोडून रेल्वे धरायची, कारण रेल्वेत संडास असतो. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. दोन वर्षं उपाशीपोटी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य प्रत्येकाने सांगितलं, पण ते कसं घ्यायचं नाही हे कुणीच सांगितलं नाही.

पिशवीने पहिल्याच रात्री गुण दिला. शेक बसला की पीळ सुटतो, हे आजीपासून सगळ्यांना माहीत आहे. कातडीला ऊब लागली की आतले आखडलेले स्नायू सैल पडतात आणि दुखण्याचा निरोप मेंदूला कमी जाणवतो. गोळी लागायला तासभर जायचा, पिशवीला पाच मिनिटं पुरायची. आणि दुसरा फायदा असा की कुणाला काही सांगावं लागायचं नाही. मुलीच्या पोटावर पिशवी दिसली की सगळ्या धरून चालतात, पाळी असेल. महिन्यातले वीस दिवस पाळी कशी, हे कुणी मोजत नाही. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर वायरसकट पाच तारे दिले असते.

मत बदललं ते नोव्हेंबरमध्ये.

आंघोळीच्या वेळी पोटावर डाग दिसले. तपकिरी, जाळीदार, कोळ्याच्या जाळ्यासारखे, दुखत-खाजत काही नव्हते. घासून जाईनात. अंगभर पसरलं तर, या भीतीने एका फिजिशियन बाईंकडे गेले. त्यांनी डाग बघितले, बोटाने दाबले आणि विचारलं, "पोट किती तास शेकतेस?" मी म्हटलं, अर्धा तास. त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासाने हे होत नाही, बाळा. खरं सांग." तेव्हा सांगितलं. रात्री तीनदा तापवते, पोटावर घेऊनच झोपते, थंडीत अभ्यासिकेतही स्वेटरच्या आत धरते.

भाजण्याइतकी नाही पण रोज-रोज लागणाऱ्या उष्णतेने कातडीवर अशी जाळी उमटते. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर हीच खूण असते आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर क्वचित तिथे कातडीचा कॅन्सरही होतो, असं त्यांनी सांगितलं. शेकणं कमी केलं की डाग काही महिन्यांत फिके होतात. माझे आता बरेच फिकट आहेत, पण बेंबीच्या डावीकडे अजून दिसतात.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो मला आधीच्या तिघांपैकी एकानेही विचारला नव्हता. "पोट दुखतं म्हणून जाग येते, की जाग आल्यावर पोट दुखायला लागतं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी तीन आठवडे लिहून ठेवायला सांगितलं. वहीत दोन रकाने : आधी जाग, आधी दुखणं. २२ रात्रींपैकी १९ रात्री आधी जाग होती. डोळे उघडायचे, छताचा पंखा दिसायचा, डोक्यात पहिला विचार यायचा की यंदाही निकालात नाव नसलं तर बाबांना काय सांगू, आणि त्यानंतर, कधी मिनिटभराने कधी पाच मिनिटांनी, पीळ. चार वर्षं मी हे उलटं समजत होते.

या प्रश्नाला वैद्यकीय कारण आहे. गाढ झोपेतून दुखण्याने उठावं लागणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, ताप, ही लक्षणं असली तर आतड्यात खरोखर सूज किंवा जखम आहे का ते शोधावं लागतं. त्या तीन रात्री सोडल्या तर माझ्यात ती नव्हती. त्यांनी रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, गव्हाने होणाऱ्या सीलिअॅक आजाराची एक चाचणी आणि शौचाची तपासणी करून घेतली आणि आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात सूज-जखम नसताना त्याचं काम बिघडणं) हे नाव दिलं. हे निदान "काही सापडलं नाही म्हणून" करायचं नसतं. २०१६ सालचे रोम निकष आहेत त्यासाठी : गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, शौचाला जाणं, शौचाच्या वेळा बदलणं, शौचाचं रूप बदलणं यांपैकी निदान दोन गोष्टींशी तिचा संबंध, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. माझं दुखणं नाव असलेलं आहे, हे ऐकून मी त्यांच्यासमोर रडले.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं आणि व्हेगस नावाच्या नसेने ते मेंदूला जोडलेलं असतं. त्या नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून वर निरोप नेतात, वरून खाली येणारे थोडे. म्हणून घाबरल्यावर पोट बिघडतं तसं बिघडलेलं पोटही माणसाला घाबरवतं. "मनाचे खेळ आहेत" असं म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मला माझ्या काकांना सांगायचं आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. मेसची भाजी कांदा-लसणाच्या वाटणाशिवाय होत नाही आणि मला तेच बाधतं. राजमा-छोलेही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने आंबणाऱ्या साखरा टाळायचा जो आहार काढला, तो दोन ते सहा आठवडेच करायचा असतो, नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मी इंटरनेटवर बघून आधी चार महिने सलग केला होता. सहा किलो उतरले आणि ताटाचीच भीती बसली. तसं करू नका. आता आई गावाहून ज्वारीचं पीठ पाठवते, मेसच्या मावशी दोन भाकऱ्या थापून देतात, मी महिन्याला दोनशे रुपये वर देते. चहा पाचाचे दोन केले. ईसबगोल एका चमच्यापासून वाढवत नेलं, भरपूर पाण्यासोबत. शिवाय डॉक्टरांनी रात्री एक गोळी दिलीय, नैराश्यावर मोठ्या मात्रेत देतात तीच, पण दहा मिलिग्रॅम, आतड्याच्या नसा शांत करायला. तोंड कोरडं पडतं. ती घ्यायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

समुपदेशनाला दर आठवड्याला हजार रुपये माझ्याकडे नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्यांदा लावला तेव्हा मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा बोलले. पलीकडच्या ताईंनी पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, आत चार अंक, बाहेर सहा. आणि त्यासाठी मला जागा कुठली सापडली, तर तोच दाराजवळचा बोर्ड. डिसेंबरभर मी पिशवी धरून उभी राहायचे आणि दिवा विझेपर्यंत श्वास मोजायचे. काही रात्री पिशवी तापायच्या आतच पीळ उतरायचा. तेव्हापासून वायरवरचा राग थोडा कमी झालाय. थोडाच. तापत असताना पिशवी अंगावर घ्यायची नसते हे मला कळतं, पण जमिनीवर ठेवण्याइतकी वायर हवीच.

आता रबरी पिशवी. इलेक्ट्रिक गेल्यावर दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून २२० रुपयांना घेतली. अडचण एकच होती, गरम पाणी. खोलीत किटली चालत नाही. काकू खाली राहतात. त्यांच्याकडे मागायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि रोज पाळी आहे असं काकूंना सांगून चालणार नव्हतं. दोन रात्री मी पिशवी रिकामीच उशाशी ठेवली. तिसऱ्या रात्री नऊ वाजता खाली गेले आणि जिन्यात उभी राहून सगळं सांगून टाकलं, आयबीएस, गोळी, फोन, निकालाची भीती. काकू ऐकत होत्या आणि गॅसवर पातेलं ठेवत होत्या. म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीला असंच व्हायचं गं. आम्ही तिला नाटकी म्हणायचो." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाणी त्यांनीच भरलं.

इलेक्ट्रिक पिशवीत मला सगळ्यात आवडलं ते हेच होतं, की कुणाला विचारावं लागत नाही. सात महिने मी तिच्याआड लपले. आज कुणी विचारलं तर तिचा सगळ्यात मोठा दोष मी हाच सांगेन, वायर त्यानंतर. आता खोलीतल्या तिघींनाही माहीत आहे. त्यातली एक म्हणाली की तिला परीक्षेच्या आधी आठवडाभर उलट्या होतात, आजवर कुणाला बोलली नव्हती.

रबरी घ्यायची असेल तर : पाणी उकळतं नको, दोन तृतीयांशच भरा, झाकण लावायच्या आधी दाबून हवा काढा, वर टॉवेल गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटांत बाजूला ठेवा, झोपताना पोटावर नको. माझी पहिल्या आठवड्यात झाकणाशी गळायची. आतला वॉशर उलटा बसला होता, काढून नीट बसवल्यावर थांबली. रबराचा वास पंधरा दिवस राहतो. ऊब इलेक्ट्रिकपेक्षा लवकर उतरते, तासाभरात कोमट होते.

पोट अजून दुखतं. आठवड्यातून दोनदा, पूर्वी पाच-सहा रात्री दुखायचं. गेल्या रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर होता, सकाळी दोनदा जावं लागलं, तरी गेले आणि पूर्ण तीन तास लिहिलं. खुर्ची मधल्या रांगेत होती.

काकू आता साडेनऊला थर्मास जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतात. सकाळी मी तो विसळून खाली नेऊन देते.