दुसऱ्या महिन्याचे पैसे कोण आणून देतं? ऑनलाइन मेंबरशिपसाठी सॉफ्टवेअर निवडताना

एक उदाहरण घेऊ. एमपीएससीची तयारी करून घेणारे एक सर आहेत. रोजच्या चालू घडामोडींची पीडीएफ, आठवड्याला एक सराव चाचणी आणि रविवारी लाइव्ह चर्चा, असं सगळं मिळून दरमहा 299 रुपये. विद्यार्थी तीनशे, म्हणजे महिन्याला 89,700 रुपये. आता सरांना लिंक पाठवणं, स्क्रीनशॉट मागवणं, वहीत टिक करणं हे सगळं बंद करायचंय. त्यांच्यासमोर ढोबळमानाने तीन वाटा आहेत: परदेशी तयार सॉफ्टवेअर, भारतीय अ‍ॅपवाल्या कंपन्या, किंवा वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची आपली साइट आणि तिला जोडलेला पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात जमा करणारी सेवा.

यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले पहिल्या वाटेचे असतात. काजाबी किंवा थ्राइव्हकार्ट या परदेशी सॉफ्टवेअरचं चेकआउट पान, म्हणजे पैसे भरायचं पान, खरंच देखणं दिसतं. खरेदीच्या क्षणी आणखी एक वस्तू सुचवणं, अर्ध्यावर सोडून गेलेल्याला आपोआप ईमेल जाणं, सगळं तयार मिळतं. पण त्यांची मुख्य भिस्त स्ट्राइप आणि पेपाल या परदेशी पेमेंट कंपन्यांवर. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले. स्ट्राइप 2024 पासून भारतात नव्या व्यावसायिकांना फक्त निमंत्रणावर घेतं. आणि आपला विद्यार्थी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून यूपीआयने पैसे भरणार. क्रेडिट कार्ड त्याच्याकडे नाहीच. वर काजाबीचे मुख्य प्लॅन महिन्याला शंभर डॉलरच्या वर. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी 28-29 विद्यार्थ्यांची फी तिथेच गेली. तुमचे सदस्य न्यू जर्सी किंवा दुबईतले मराठी पालक असतील आणि शिकवणं मुलांना मराठी वाचायला लावण्याचं असेल, तर हिशेब वेगळा. तिथे कार्ड आणि पेपाल हीच सवय आहे, आणि ही वाट विचारात घेण्यासारखी ठरते. एमपीएससीसाठी मात्र ती सोडून द्यावी.

राहिल्या दोन. त्यातली निवड करताना आधी फीचर्सची यादी बाजूला ठेवा आणि पैसे दर महिन्याला वळते कसे होतात ते नीट बघा. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जुलै 2020 मध्ये यूपीआय ऑटोपे आणलं. विद्यार्थी पहिल्यांदा पिन टाकून मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी, मंजूर करतो. पुढे 15,000 रुपयांपर्यंतच्या रकमेला पुन्हा पिन लागत नाही. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी त्याला सूचना जाते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. ही सूचना बहुधा इंग्रजीत असते आणि तीत तुमच्या क्लासचं नाव नसून बँक खात्यावरच्या फर्मचं नाव असू शकतं. ओळखीचं नाव दिसलं नाही की पोरगं घाबरतं, यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जातं आणि मँडेट रद्द करून मोकळं होतं. म्हणून कोणत्याही सेल्समनला पहिला प्रश्न हा विचारा: ग्राहकाला सूचनेत नाव कोणतं दिसेल? दुसरा: कापायची तारीख मी ठरवू शकतो का? घरून पैसे येतात महिन्याच्या सुरुवातीला. वीस तारखेला खात्यात शंभर-दीडशे उरलेले असतात, आणि मग व्यवहार फसतो. पुन्हा प्रयत्न करायलाही मर्यादा आहे: ऑगस्ट 2025 पासून एक मूळ प्रयत्न आणि जास्तीत जास्त तीन पुनर्प्रयत्न. फसलेल्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी साधी पेमेंट लिंक आपोआप जाते की नाही, हा तिसरा प्रश्न.

क्लासप्लस, ग्राफी यांसारख्या भारतीय कंपन्या तुमच्या नावाचं अ‍ॅप देतात. त्यांचं खरं मोल चोरी रोखण्यात आहे. एमपीएससीच्या जगात सशुल्क पीडीएफ संध्याकाळपर्यंत कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवर फुकट फिरते. अ‍ॅपमध्ये व्हिडिओवर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर तरंगत ठेवता येतो, स्क्रीन रेकॉर्डिंग अडवता येतं. शिकवणं मुख्यतः व्हिडिओचं असेल तर माझा कौल इथेच. दोन गोष्टी मात्र सही करण्याआधी लेखी घ्या. वर्षाच्या फीव्यतिरिक्त प्रत्येक विक्रीवर कमिशन आहे का? पाच टक्के जरी धरलं तरी आपल्या उदाहरणात महिन्याला 4,485 रुपये होतात. आणि सोडून जायची वेळ आली तर विद्यार्थ्यांची नावं, नंबर, मुदतीच्या तारखा एक्सेलमध्ये मिळतील का? या दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळेल, त्याच्याकडे डेमो कितीही झकास असला तरी जाऊ नका.

वर्डप्रेस आणि रेझरपे किंवा कॅशफ्रीसारखा गेटवे ही वाट स्वस्त आहे, पण राबवून घेणारी. गेटवेचा सर्वसाधारण दर दोन टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरला तर 299 मागे सात रुपये जातात. तीनशे जणांचे साधारण 2,117. केवायसीसाठी पॅन, बँक खातं, शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणी तयार ठेवा. साइटवर संपर्क, परतावा आणि गोपनीयता धोरणाची पानं नसतील तर अर्ज परत येतो. प्लगइन (साइटला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि लॉगिन अडकलं, तर रात्री अकरा वाजता विद्यार्थ्यांचे फोन तुम्हालाच येणार. हाताशी एखादा तांत्रिक माणूस असेल आणि माल मुख्यतः पीडीएफ आणि चाचण्यांचा असेल, तर मी हीच वाट धरेन.

मार्केटिंगचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं का? सुरुवातीला नको. हे विद्यार्थी ईमेल उघडतात ते हॉल तिकीट आलं की. ईमेल ठेवायचाच तर पावतीपुरता ठेवा, आणि डोमेनची एसपीएफ-डीकेआयएम नोंद, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय याची खूण, करून घ्या. 2024 पासून जीमेल त्याबाबतीत कडक झालंय. गर्दी टेलिग्रामवर जमवा. आठवण व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. साध्या ब्रॉडकास्टला एका यादीत 256 जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. त्यापुढे एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवायची सशुल्क सोय, लागतं, आणि जुलै 2025 पासून तिथे टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या) संदेशामागे पैसे आकारले जातात. एसएमएसच्या नादी लागू नका: डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याची सक्तीची नोंदणी), प्रत्येक मजकुराची मंजुरी, त्यात देवनागरी संदेश 70 अक्षरांतच भरतो. रोमन लिपीला 160 मिळतात.

जीएसटीचं एक. सेवांसाठी वर्षाची 20 लाखांची मर्यादा आहे. आपले सर 10 लाख 76 हजारांवर आहेत. उद्या ती ओलांडली आणि फी 299च ठेवली, तर त्यातले 45 रुपये 61 पैसे कराचे. तेव्हा करासह बिल निघण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आजच बघून ठेवा, आकड्यांचं पुढे सीएला विचारा.

पैसे भरण्याआधी ट्रायल घेऊन दहा रुपयांचा मासिक प्लॅन बनवा. स्वतःच्या आणि घरातल्या आणखी दोघांच्या वेगवेगळ्या बँकांतून, वेगवेगळ्या यूपीआय अ‍ॅपवरून मेंबर व्हा. एकाचं मँडेट अ‍ॅपमधून रद्द करा, एकाच्या खात्यात मुद्दाम शिल्लक ठेवू नका. दुसऱ्या महिन्यात कोणाचं लॉगिन बंद झालं, कोणाचं उगाच चालू राहिलं आणि तुम्हाला कशाची खबर मिळाली, ते लिहून काढा. मग ज्या कंपनीशी बोलणं चाललंय तिच्या माणसाला तो कागद दाखवा.