युगांडातील प्रसूती केंद्रात स्वयंसेवा : एका मुंबईकर परिचारिकेचा अभिप्राय

परदेशातील प्रसूती केंद्रात काही आठवडे काम करायचे आणि सुटीच्या दिवशी तो देश पाहायचा, अशा योजनांची पत्रके हल्ली मुंबईतील नर्सिंग कॉलेजांच्या सूचनाफलकांवरही दिसू लागली आहेत. आम्हा परिचारिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तर ‘कोणी जाऊन आले आहे का, पैसे वसूल होतात का?’ अशी विचारणा अधूनमधून होतच असते. मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात बरीच वर्षे लेबर रूममध्ये काम केले आहे आणि अशाच एका योजनेतून युगांडातील जिंजा शहराजवळच्या एका प्रसूती केंद्रात राहून आले. केंद्राविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. मला तेथे पाठवणाऱ्या संस्थेच्या कारभाराविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. म्हणून या दोन्ही गोष्टींबद्दल वेगवेगळे लिहिते आहे.

आधी केंद्राविषयी. युगांडातील सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. तिसऱ्या पायरीच्या केंद्रात नैसर्गिक प्रसूती होतात आणि सिझेरियनची वेळ आली तर बाईला चौथ्या पायरीच्या केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. आमचे केंद्र तिसऱ्या पायरीच्या तोडीचे होते, त्यामुळे सगळी मदार तेथील मिडवाइफ, म्हणजे प्रसूतीचे खास प्रशिक्षण घेतलेल्या, सिस्टरांवर होती. मुंबईत कळा अडल्या, ठोके घसरले की आपण डॉक्टरांना हाक मारतो आणि ते धावत येतात. तेथे हाक मारायला शेजारच्या खोलीत कोणी नसते आणि गाडी बोलावली तरी मातीच्या रस्त्यावरून ती यायला वेळ लागतो. त्यामुळे ‘आता हलवायचे’ हा निर्णय वेळेच्या बराच आधी घ्यावा लागतो. तो घेण्याची त्या सिस्टरांची समज पाहून मी थक्क झाले. आपल्याकडे पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती आणि बाळाचे ठोके नोंदवण्याचा आलेख, पुष्कळदा प्रसूती झाल्यावर, फाइल पूर्ण करायची म्हणून भरला जातो, हे या क्षेत्रातील कोणीही मान्य करील. तेथे तो कागद खाटेशेजारीच असे, त्यावरचा प्रत्येक ठिपका वेळच्या वेळी पडत असे आणि रेषा उजवीकडे झुकू लागली, म्हणजे प्रसूती रेंगाळू लागली, की गाडीला फोन जात असे.

पोटातील बाळाचे ठोके ऐकण्यासाठी तेथे पिनार्ड हॉर्न वापरतात. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ अडॉल्फ पिनार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेले हे कर्ण्यासारखे उपकरण आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो आणि ठोके ऐकवणारे डॉप्लर यंत्र आल्यावर विसरलो. ते वापरताना आधी दोन्ही हातांनी पोट चाचपून बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे ते ओळखावे लागते, मग हॉर्नचे रुंद तोंड नेमके तेथे टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून आणि हात सोडून देऊन ऐकावे लागते. हात न काढल्यास त्याच्याच घर्षणाचा आवाज कानात शिरतो. पहिले काही दिवस मला धड काही ऐकू येत नव्हते. मुख्य सिस्टर न कंटाळता माझी बोटे पुन्हा योग्य जागी ठेवीत आणि मान कशी वळवायची ते दाखवीत. डॉप्लरची बॅटरी संपली म्हणून आता माझे काम अडणार नाही, हे त्यांचेच देणे आहे.

दुसरी गोष्ट दिसायला लहान आहे. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे इंजेक्शन देतात, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्याचा तोच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मात्र हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले नाही तर हळूहळू निकामी होते. वीज वारंवार जाणाऱ्या त्या केंद्रात सौरऊर्जेवर चालणारा एक छोटा फ्रीज होता आणि त्याच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवलेला होता. सकाळ-संध्याकाळच्या नोंदींचा एकही रकाना रिकामा नव्हता. मी मुद्दाम मागच्या महिन्यांचे तक्ते पाहायला मागितले. तेही तसेच भरलेले होते.

येणाऱ्या बाया प्लास्टिकचे घमेले, पाण्याचा कॅन, अंगावर घ्यायची छापील कापडे असे सामान घरून घेऊन येतात. खाटेवर अंथरायचे प्लास्टिक, हातमोजे, कापूस, साबण, नाळ बांधायचा दोरा, पाते असे सगळे एकत्र बांधलेले ‘मामा किट’ ही त्या देशातील परिचित सोय आहे आणि ते मिळेल या भरवशावर अनेकजणी घरी न राहता केंद्रात येतात. आई, बहीण किंवा जाऊ प्रसूतीच्या वेळी शेजारी असते, पाठ चोळते, पाणी पाजते. आपल्या सरकारी लेबर रूममध्ये सोबतिणीला आत घेण्यावरून अजूनही केवढी खळखळ होते, याची तेथे सारखी आठवण येत असे.

‘तिकडे सगळे मागासलेले असेल’ अशा समजुतीने कोणी जाऊ नये, म्हणून थोडे आकडे देते. युगांडाच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २०१६ मध्ये ३३६ होते, ते २०२२ मध्ये १८९ वर आले. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे, म्हणजे अंतर मोठेच आहे. पण ही घसरण वर सांगितलेल्या सिस्टरांसारख्यांनी, इतक्या कमी साधनांत घडवली आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने स्वतंत्र मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये काढली. ती सेवा रुजलेली कशी दिसते, हे मला जिंजाजवळ पाहायला मिळाले.

आता पाठवणाऱ्या संस्थेविषयी. राहण्याची खोली स्वच्छ होती, मच्छरदाणी धड होती, विमानतळावर गाडी वेळेवर आली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती योजनेच्या गाभ्याबद्दल. माझ्या गटात नुकतीच बारावी झालेली, वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी मुले होती, आणि त्यांना दिलेल्या पत्रकात ‘प्रत्यक्ष प्रसूतीत सहभाग’ असे ठळक छापलेले होते. जे काम ती मुले मुंबईत केईएममध्ये किंवा वाडियात करू शकत नाहीत, ते युगांडातील बाईच्या अंगावर करण्याची मुभा त्यांना पैसे भरून मिळते, हा विचारच मला असह्य वाटतो. केंद्राच्या मुख्य सिस्टरांनी त्यांना वजन-उंची घेणे, नोंदवही लिहिणे, कपडे वाळत घालणे एवढ्यावरच ठेवले आणि प्रसूतीच्या वेळी आत येऊ द्यायचे का, हे प्रत्येक बाईला तिच्या भाषेत विचारले. ‘नाही’ म्हटले की विषय संपला. ही शिस्त केंद्राची होती. संस्थेने तिचा शब्दानेही उल्लेख केला नव्हता आणि मुले नाराज झाल्यावर संस्थेच्या प्रतिनिधीने उलट सिस्टरांकडेच रदबदली केली. आम्ही भरलेल्या रकमेपैकी केंद्राला किती मिळतात, हे मी लेखी विचारले होते. त्याचे उत्तर शेवटपर्यंत गोलमोलच आले.

सुटीचे दिवस मात्र छान गेले, आणि त्यासाठी संस्थेच्या महागड्या सहली घेण्याची मुळीच गरज नाही. जिंजा हे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते तेथे वसलेले शहर आहे. नाईलचा उगम शोधणारा ब्रिटिश प्रवासी जॉन स्पीक १८६२ मध्ये जेथे पोहोचला तो रिपन धबधबा १९५४ च्या धरणामुळे पाण्याखाली गेला, तरी होडीतून उगमापाशी गेल्यावर प्रवाहाची ओढ जाणवते. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये येथे विसर्जित झाला होता. काठावर त्यांचा अर्धपुतळा आहे, ज्याचे अनावरण १९९७ मध्ये पंतप्रधान इंदरकुमार गुजराल यांनी केले. मी तेथे बराच वेळ बसून होते. जिंजाच्या मुख्य रस्त्यावरील जुन्या दुकानांच्या माथ्यावर गुजराती नावे आणि बांधकामाची साले गिलाव्यात कोरलेली आजही वाचता येतात. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा ही घरे-दुकाने मागे राहिली. पुढे काही कुटुंबे परतली. गिरगाव-काळबादेवीत वाढलेल्या माणसाला त्या रस्त्यावर परकेपणा वाटत नाही.

खाण्याचे हाल होत नाहीत. वाफवलेल्या हिरव्या केळ्यांचे मटोके, शेंगदाण्याची आमटी, राजमा यांवर शाकाहारी माणसाचे भागते, आणि चपातीत ऑम्लेट गुंडाळून दिलेले ‘रोलेक्स’ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. कंपालाच्या वाटेवर माबिरा जंगलाजवळ गाडी थांबते तेव्हा भाजलेली गोड केळी जरूर घ्यावीत. मर्चिसन धबधबा, जेथे सगळी नाईल सुमारे सात मीटरच्या फटीतून कोसळते, तो लांब आहे आणि एका सुटीत होत नाही. सरोवराच्या पाण्यात उतरू नये, कारण बिल्हार्झिया या परजीवी कृमींच्या आजाराची लागण होऊ शकते. बोडा-बोडा म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलीवर हेल्मेटशिवाय बसू नये.

जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिच्या प्रमाणपत्राशिवाय युगांडात प्रवेश नाही आणि परतताना मुंबई विमानतळावरही ते न दाखवल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात. लेबर रूममध्ये काम करणाऱ्यांनी सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत कोठे मिळतील, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. पर्यटक व्हिसावर रुग्णांना हात लावू नये. कामाची परवानगी आणि तेथील परिचारिका परिषदेची मान्यता यांचे कागद हातात आल्यावरच तिकीट काढावे, आणि संस्था ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणत असेल तर तिच्याशी व्यवहार करू नये.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि लेबर रूमचा अनुभव असलेल्या सिस्टरांनी किमान दोन-तीन महिने काढता येत असतील तर अवश्य जावे, मात्र शक्यतो मध्यस्थ टाळून थेट केंद्राशी पत्रव्यवहार करावा. विद्यार्थ्यांनी आधी येथील प्रशिक्षण पूर्ण करावे. सामान न्यायचे असेल तर मुख्य सिस्टरांकडून यादी मागवूनच न्यावे. आमच्या केंद्राला नवजात बाळांना श्वास देण्यासाठीचे लहान मापाचे मास्क आणि मोठ्या दंडासाठीचे रक्तदाबाचे पट्टे हवे होते. कपाटात मात्र आधीच्या पाहुण्यांनी आणलेली, मुदत संपत आलेली जीवनसत्त्वांची खोकी भरून होती, आणि त्यांची विल्हेवाट लावण्याचे कामही त्याच सिस्टरांवर पडत होते.